स्तनातली गाठ आणि दुसरं मत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी २२ वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होते. सुईने काढलेले तुकडे मेणात बसवायचे, त्यांचे पातळ काप काढून रंगवायचे आणि स्लाइड डॉक्टरांच्या मायक्रोस्कोपपाशी ठेवायची, हे माझं काम. निवृत्त झाल्यावर ओळखीपाळखीतून बायकांचे फोन येऊ लागले, मग त्यांच्या मुलींचे, सुनांचे, नवऱ्यांचे. प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. मी डॉक्टर नाही. तुमची गाठ कसली, हे तपासणारे डॉक्टरच सांगतील. पण त्यांना काय विचारायचं, कोणता कागद मागून घ्यायचा आणि कुठे थांबून राहायचं नाही, हे मी खात्रीने सांगू शकते.

१. आंघोळ करताना स्तनात गाठ हाताला लागली. कॅन्सरच असेल का?

बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात. तरुण मुलींमध्ये फायब्रोॲडिनोमा खूप दिसतो. ही गाठ रबरासारखी लागते आणि बोटाखालून निसटते. चाळिशीच्या आसपास पाण्याच्या गाठी, म्हणजे सिस्ट, होतात. पाळीच्या आधी स्तन जड, दुखरे आणि खडबडीत लागणंही नेहमीचं आहे. पाळी येत असेल तर पाळी झाल्यावर एकदा पुन्हा हात लावून पाहा. गाठ तशीच असेल तर दाखवायला जा. पाळी गेलेली असेल तर एवढंही थांबू नका. आणि "दुखत नाही ना, मग काही नाही" हे मनातून काढून टाका. कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही.

२. दुसरं मत घ्यायचं म्हणजे सगळ्या तपासण्या पहिल्यापासून करायच्या का?

नाही. गाठीचं निदान तीन गोष्टींवर उभं असतं: डॉक्टरांच्या हाताला काय लागलं, मॅमोग्राफी-सोनोग्राफीत काय दिसलं आणि सुईने काढलेल्या तुकड्यात, म्हणजे बायोप्सीत, कोणत्या पेशी मिळाल्या. तिन्हींचा मेळ बसला तर निदान पक्कं. दुसरं मत म्हणजे हाच पुरावा दुसऱ्या जाणकाराने वाचणं. कधी फक्त मॅमोग्राफीच्या फिल्म दुसऱ्या रेडिओलॉजिस्टला दाखवाव्या लागतात, कधी फक्त स्लाइड दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला, तर कधी निदानाबद्दल शंका नसते आणि फक्त उपचाराबद्दल दुसऱ्या सर्जनचं म्हणणं ऐकायचं असतं. आपली शंका यातल्या कुठल्या जागी आहे हे आधी ठरवलं की पैसे आणि दिवस दोन्ही वाचतात.

३. दुसरं मत नक्की कधी घ्यावं?

माझ्या मते सगळ्यात मोठं कारण म्हणजे तीन गोष्टींचा मेळ न बसणं. सोनोग्राफीचा रिपोर्ट म्हणतो संशयास्पद आणि बायोप्सी म्हणते साधी गाठ. अशा वेळी बायका बायोप्सीचा रिपोर्ट छातीशी धरून घरी जातात, कारण त्यात हवं ते लिहिलेलं असतं. पण सुई कदाचित गाठीच्या शेजारी लागली असेल. दोन रिपोर्ट जुळत नसतील तर पुन्हा बायोप्सी करावी लागते, आणि तुमचे डॉक्टर हा विषय काढत नसतील तर दुसरीकडे जायलाच हवं.

रिपोर्टमध्ये "ॲटिपिकल", "फायब्रोएपिथेलियल लीजन" किंवा "क्लिनिकली कोरिलेट करा" असे शब्द असतील तर स्लाइड पुन्हा वाचून घ्या. फायब्रोॲडिनोमा आणि फिलॉइड्स या दोन गाठी सुईच्या छोट्या तुकड्यात कधी कधी एकसारख्या दिसतात, आणि दोघींचं ऑपरेशन वेगळ्या पद्धतीने करावं लागतं. साधी म्हणून सांगितलेली गाठ भराभर वाढायला लागली, तरी पुन्हा दाखवा.

कॅन्सरचं निदान झालं आणि लगेच "पूर्ण स्तन काढावा लागेल" असं सांगितलं, तर स्तन वाचवून ऑपरेशन का होणार नाही, याचं कारण तुम्हाला समजलं पाहिजे. कारण पटलं नाही तर विचारायला दुसरीकडे जा. बायोप्सी न करताच ऑपरेशनची तारीख दिली असेल तर प्रश्न १० वाचा.

४. आणि गरज कधी नसते?

तिन्ही तपासण्या एकच सांगतात, डॉक्टरांनी नीट समजावलंय, पुढे कधी यायचं ते लिहून दिलंय, तर निवांत राहा. पाण्याची साधी सिस्ट सोनोग्राफीत स्पष्ट दिसते. तिच्यासाठी चार दवाखाने फिरू नका. आपल्याला हवं ते उत्तर मिळेपर्यंत डॉक्टर बदलत राहणं, हे दुसरं मत होत नाही. पाचव्या मतापर्यंत पोचलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. तोवर त्यांची गाठही वाढलेली होती.

५. माझं वय २६. डॉक्टर म्हणाले "या वयात काही नसतं" आणि तपासलंही नाही. मी काय करू?

दुसऱ्या डॉक्टरांकडे जा, याच आठवड्यात. तिशीच्या आत कॅन्सर क्वचित होतो हे खरं, पण होतो. तपासणीला फार काही लागत नाही: हाताने तपासायचं आणि सोनोग्राफी करायची. या वयात सहसा सोनोग्राफीच आधी करतात.

हाताने तपासणं ही कमी दर्जाची गोष्ट समजू नका. टाटा मेमोरियलने १९९८ पासून मुंबईत दीड लाखाहून जास्त बायकांवर एक मोठा अभ्यास केला. प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य सेविका दर दोन वर्षांनी हाताने स्तन तपासत. २०२१ मध्ये त्याचे निष्कर्ष आले: तपासणी झालेल्या गटात कॅन्सर लवकरच्या टप्प्यात सापडले आणि पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. शिकलेल्या हाताला एवढी किंमत आहे. म्हणून ज्यांनी हातच लावला नाही, त्यांचं मत मी पहिलं मतसुद्धा धरत नाही.

६. मॅमोग्राफी नॉर्मल आली, पण गाठ हाताला लागतेच आहे. सोडून देऊ का?

सोडू नका. ज्यांच्या स्तनात ग्रंथींचा भाग दाट असतो, त्यांच्या मॅमोग्राफीत तो पांढरा दिसतो आणि गाठही पांढरीच दिसते. हाताला लागणाऱ्या काही कॅन्सरच्या गाठी मॅमोग्राफीत दिसत नाहीत. रिपोर्टमध्ये "डेन्स" शब्द आहे का बघा. त्याच जागेवर बोट ठेवून सोनोग्राफी करून घ्या. करणाऱ्या डॉक्टरांना "इथे लागते" असं स्वतः दाखवा. तरीही उत्तर मिळालं नाही तर ब्रेस्ट सर्जनला भेटा.

७. रिपोर्टमध्ये "बाय-रॅड्स ४ए" लिहिलंय. हा चौथ्या स्टेजचा कॅन्सर आहे का?

मुळीच नाही. या एका आकड्याने किती घरांची झोप उडवली आहे, सांगता येत नाही. बाय-रॅड्स म्हणजे चित्र पाहून रेडिओलॉजिस्टने दिलेला संशयाचा क्रमांक. १ आणि २ म्हणजे काळजीचं काही नाही. ३ म्हणजे बहुधा साधी, कॅन्सरची शक्यता २ टक्के किंवा त्याहून कमी. यात सहसा ६ महिन्यांनी पुन्हा तपासणी करतात. ४ म्हणजे बायोप्सी करा. त्यातही ४ए मध्ये शक्यता २ ते १० टक्के असते, ४बी मध्ये १० ते ५०, ४सी मध्ये ५० ते ९५. ५ मध्ये ९५ टक्क्यांच्या वर. ६ म्हणजे कॅन्सर आधीच सिद्ध झालेला. आणि ० म्हणजे तपासणी अपुरी, आणखी फोटो किंवा सोनोग्राफी हवी. शून्य वाचून "काहीच नाही" असं समजून घरी बसलेल्या बायका मला भेटल्या आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगते.

८. सासूबाई म्हणतात, गाठीला सुई टोचली की ती पसरते. बायोप्सी टाळू का?

टाळू नका. सुईच्या बायोप्सीमुळे कॅन्सर अंगभर पसरत नाही. ही समजूत कुठून आली ते मला कळतं: पूर्वी बायका गाठ फुटायच्या बेताला आल्यावर यायच्या, सुई लागायची आणि काही महिन्यांत बाई जायची. घरच्यांनी दोष सुईला दिला. सासूबाईंची काळजी खरी आहे, त्यांना रागावू नका. त्यांना डॉक्टरांकडे सोबत न्या आणि हाच प्रश्न त्यांनाच विचारू द्या. डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की बऱ्याच जणी ऐकतात.

९. एफएनएसी निगेटिव्ह आली. तेवढं पुरेसं आहे ना?

एफएनएसीमध्ये बारीक सुईने सुट्या पेशी ओढतात. ट्रू-कट किंवा कोअर बायोप्सीत जाड सुईने शेवईच्या तुकड्याएवढा अखंड भाग निघतो. सुट्या पेशी म्हणजे भिंतीतून निखळलेल्या विटा. विटा पाहून घर कसं होतं ते सांगणं अवघड. अखंड तुकड्यात पेशी आजूबाजूला घुसल्यात का तेही दिसतं, आणि कॅन्सर निघालाच तर पुढच्या चाचण्या त्याच तुकड्यावर होतात. म्हणून संशयास्पद गाठीसाठी कोअर बायोप्सीच चांगली. हाताला आणि सोनोग्राफीत गाठ साधी वाटत असेल आणि एफएनएसीही तेच म्हणत असेल, तर डॉक्टर तेवढ्यावर थांबू शकतात. संशय असताना नुसत्या एफएनएसीच्या निगेटिव्हवर विसंबू नका.

१०. डॉक्टर म्हणाले, "छोटी गाठ आहे, काढून टाकू आणि मग तपासायला पाठवू." हे बरोबर आहे का?

या पानावरचा हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे. चाळिशीपुढची बाई असेल किंवा संशयाला थोडीही जागा असेल, तर आधी सुई, मग सुरी. निदान न होता गाठ काढली आणि ती कॅन्सरची निघाली, तर कडेने पुरेसा निरोगी भाग घेतलेला नसतो, काखेतल्या गाठींचा (लिम्फ नोड, जिथे कॅन्सर आधी पोचू शकतो) विचार झालेला नसतो आणि पुन्हा ऑपरेशन करावं लागतं. आधी केमो देऊन गाठ लहान करायचा आणि स्तन वाचवायचा मार्गही काही वेळा हातातून जातो. भूल देण्यापूर्वी मिळालेलं दुसरं मत सगळ्यात उपयोगाचं.

आणि काढलेली गाठ, कितीही साधी वाटली तरी, तपासायला गेलीच पाहिजे. आमच्याकडे एक भाऊ बहिणीची गाठ सलाईनच्या बाटलीत घालून दुसऱ्या दिवशी घेऊन आला होता. तालुक्याच्या गावाहून एसटीने, बाटली रुमालात गुंडाळून, मांडीवर जपून. त्याची काही चूक नव्हती. त्याच्या हातात तसंच दिलं होतं. पण सलाईनमध्ये पेशी कुजतात. तुकडा काढल्याबरोबर फॉर्मालिनमध्ये पडायला हवा. तुमच्या हातात बाटली दिली तर विचारा: "यात फॉर्मालिन आहे ना?" आणि बाटलीवर नाव, तारीख, डावा की उजवा स्तन हे लिहिलंय का ते बघा.

११. दुसरीकडे दाखवलं तर आमच्या डॉक्टरांना राग येईल. कसं सांगू?

सरळ सांगा: "डॉक्टर, निर्णय मोठा आहे, घरच्यांच्या समाधानासाठी एकदा टाटाला दाखवून येतो. कागद आणि स्लाइड मिळतील का?" चांगले डॉक्टर स्वतःच चिठ्ठी देतात. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने तयार केलेल्या रुग्ण हक्कांच्या सनदेत दुसरं मत घेण्याचा हक्क वेगळा नोंदवलेला आहे, आणि वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार मागितल्यापासून ७२ तासांत कागदपत्रं द्यावी लागतात. हे नियम माहीत असू द्या, पण सुरुवात नियमाने करू नका. गोडीने काम होतं तिथे गोडीच बरी. नाही झालं तर लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

१२. जाताना सोबत काय न्यायचं?

नुसते रिपोर्ट नेऊन भागत नाही. मॅमोग्राफीच्या मूळ फिल्म किंवा सीडी न्या. जुनी मॅमोग्राफी असेल तर तीही, कारण दोन वर्षांपूर्वी ती गाठ होती का हे त्यातूनच कळतं. बायोप्सी झाली असेल तर लॅबमधून स्लाइड आणि ब्लॉक दोन्ही मागा.

ब्लॉक म्हणजे काय हे बहुतेकांनी पाहिलेलं नसतं. काड्यापेटीहून लहान प्लॅस्टिकची चौकट, तिच्यावर पांढरट मेण आणि मेणात बुडालेला तुमचा तुकडा, तांदळाच्या कण्यांसारखा. कडेला नंबर लिहिलेला असतो. तो नंबर, स्लाइडवरचा नंबर आणि रिपोर्टवरचा नंबर तिथेच काउंटरवर उभं राहून जुळवून घ्या. स्लाइड काचेची असते, ती प्लॅस्टिकच्या डबीतच न्या, कागदाच्या पुडीत नको. ब्लॉक उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नका, मेण वितळतं. दुसऱ्या लॅबमध्ये दिल्यावर पावती घ्या आणि काम झाल्यावर ब्लॉक परत मागून जपून ठेवा. तो तुकडा पुन्हा मिळत नाही.

१३. यात किती वेळ गेला तर चालतो? तोवर आयुर्वेदिक औषध घेऊन बघू का?

दोन-तीन आठवड्यांत दुसरं मत मिळवलं तर सहसा बिघडत नाही. महिने गेले तर बिघडतं. म्हणून पहिल्याच दिवशी तारीख ठरवा: अमुक तारखेपर्यंत मत आलं तर ठीक, नाही तर पहिल्या डॉक्टरांकडे उपचार सुरू. दिवाळी, लग्न, मुलीची बारावी, सगळं त्या तारखेच्या पुढे. निदान होण्याआधी कोणत्याही पद्धतीचं औषध किंवा लेप लावून गाठ "विरघळते का" ते बघत बसू नका. प्रश्न १७ मधल्या लक्षणांना तर दोन-तीन आठवडेही देऊ नका.

१४. कुठे जायचं, आणि खर्चाचं काय?

मुंबईत परळचं टाटा मेमोरियल १९४१ पासून आहे, खारघरलाही त्यांचं केंद्र आहे. पण प्रत्येकाने परळ गाठायलाच हवं असं नाही. २०१२ मध्ये सुरू झालेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडमध्ये देशभरातली ३०० हून जास्त केंद्रं आहेत. तुमच्या जवळचं शोधा. टाटा आणि ग्रिडच्या सहभागाने "नव्या" ही ऑनलाइन सेवाही चालते, तिथे रिपोर्ट पाठवून उपचाराबद्दल लेखी मत घेता येतं. गावाकडच्यांचा प्रवास त्यामुळे वाचतो. जिथे सर्जन, रेडिओलॉजिस्ट, पॅथॉलॉजिस्ट, केमो आणि रेडिएशनचे डॉक्टर एकत्र बसून केस बघतात, ते ठिकाण निवडा. मग ते जिल्ह्यातलं असलं तरी चालेल.

महाराष्ट्रात कॅन्सरच्या उपचारांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र, म्हणजे योजनेच्या कामात रुग्णांना मदत करणारे कर्मचारी, बसतात. रेशन कार्ड आणि आधार घेऊन आधी त्यांना भेटा, आणि रुग्णालय बदलायचं ठरलं तर तेही त्यांना सांगा, म्हणजे मंजुरी अडकत नाही.

१५. दोन डॉक्टरांनी दोन वेगळी मतं दिली. आता कोणाचं ऐकू?

आधी बघा, फरक निदानात आहे की उपचारात. निदानात असेल तर दोघांनी तीच स्लाइड, तीच फिल्म पाहिली का ते विचारा. एकाने रिपोर्टच वाचला आणि दुसऱ्याने स्लाइड पाहिली, असं बऱ्याचदा निघतं. मग ज्याने पुरावा स्वतः पाहिला त्याचं म्हणणं जड. दोघांनी पाहूनही फरक असेल तर तिसऱ्या, फक्त स्तनाच्या स्लाइड वाचणाऱ्या पॅथॉलॉजिस्टकडे जावं. उपचारात फरक असेल तर पहिल्या डॉक्टरांना दुसरं मत दाखवा आणि दोघांना एकच प्रश्न विचारा: "तुम्ही हेच का सुचवता?" एक आधी केमो म्हणतो, दुसरा आधी ऑपरेशन, आणि काही वेळा दोन्ही रस्ते बरोबर असतात.

१६. बाळ अंगावर पितंय आणि गाठ झाली आहे. सगळे म्हणतात दूध साकळलंय.

बहुतेकदा दूध साकळलेलंच असतं, किंवा गळू असतं. पण उपचारानंतरही आठवडा-दोन आठवड्यांत गाठ गेली नाही तर सोनोग्राफी करा. सोनोग्राफी आणि गरज पडल्यास कोअर बायोप्सी, दोन्ही पाजताना आणि गरोदरपणातही करता येतात. "बाळंत झाल्यावर बघू" असं कोणी म्हणालं, तर ते दुसऱ्या मतासाठी पुरेसं कारण आहे.

१७. गाठ अशी नाही, पण स्तन लाल, सुजलेला आहे. अँटिबायोटिकचा एक कोर्स झाला, फरक नाही.

दुसरा कोर्स सुरू करण्याआधी स्तनाच्या तज्ज्ञाला दाखवा. कॅन्सरचा एक प्रकार असाच लाल सुजेने येतो, कातडी संत्र्याच्या सालीसारखी होते आणि गाठ लागतही नाही. उलट स्तनाचा टीबी आणि ग्रॅन्युलोमॅटस मॅस्टायटिस हे आजार कॅन्सरसारखे दिसतात आणि कॅन्सर नसतात. तिन्हींचा निवाडा तुकडा तपासूनच होतो. बोंड आत ओढलं जाणं, बोंडातून आपोआप रक्त येणं, बोंडावरचा बरा न होणारा चट्टा, यांनाही हेच लागू.

१८. माझ्या वडिलांना छातीवर गाठ आहे. पुरुषांना हे होतं का?

होतं. स्तनाच्या कॅन्सरमध्ये साधारण १ टक्का पुरुष असतात. पुरुषांमध्ये काही औषधांमुळे किंवा यकृताच्या आजाराने स्तन वाढतो, तो वेगळा. पण बोंडामागे एकाच बाजूला टणक गाठ असेल तर बाईची झाली असती तशीच तपासणी झाली पाहिजे. पुरुष लाजेने उशिरा येतात. तुम्हीच सोबत जा.

१९. ऑपरेशन होऊन गेलं. आता दुसऱ्या मताचा काही उपयोग?

नक्कीच आहे. पुढची केमो, रेडिएशन, गोळ्या, सगळं पॅथॉलॉजीच्या रिपोर्टवर ठरतं. कॅन्सरच्या पेशींवर कोणतं औषध चालेल ते ठरवणाऱ्या ईआर, पीआर (हार्मोनच्या) आणि हर-२ (एका प्रथिनाची) या तीन चाचण्या झाल्या आहेत का बघा. हर-२ "२+" आला असेल तर ते उत्तर अर्धवट आहे, फिश नावाची पुढची चाचणी लागते. कडा मोकळ्या आहेत का, म्हणजे काढलेल्या भागाच्या कडेपर्यंत कॅन्सर पोचलेला नाही ना, काखेतल्या किती गाठी तपासल्या, हे रिपोर्टमध्ये नसेल तर ब्लॉक पुन्हा वाचून घ्या.

२०. आईला कॅन्सरचं सांगितलेलं नाही. तिच्याशिवाय आम्हीच फाइल घेऊन दुसरं मत घेऊन येऊ का?

स्लाइड आणि फिल्म वाचायला आई लागत नाही, त्यामुळे तेवढं तुम्ही करू शकता. पण उपचाराचं मत देणाऱ्या डॉक्टरांना तिला हात लावून तपासावं लागेल, तिची ताकद बघावी लागेल आणि स्तन ठेवायचा की काढायचा, हे तिलाच विचारावं लागेल. शरीर तिचं आहे. शिवाय माझा अनुभव असा की बायकांना कळलेलं असतं. आमच्या लॅबच्या बाकावर एक आजी बसली होती, मुलगा काउंटरवर कुजबुजत होता. मी पाणी द्यायला गेले तर आजी हळूच म्हणाल्या, "त्याला म्हणावं, मला माहीत आहे. तो घाबरेल म्हणून मी बोलत नाही."